चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कलिंगड वेगळ्या पद्धतीने कसं कापून ठेवता येईल?

तुम्ही लिहिलंय की यंदा पहिल्यांदाच घरी चैत्रगौर बसवताय, नेटवर कलिंगडाचे हंस, मोर, परड्या बघून डोकं गरगरलंय आणि हाताशी आहे एक सुरी अन् एक विळी. तेवढं पुष्कळ झालं. फक्त एक गोष्ट आधीच ठरवून टाका. गौरीपुढे मांडायचं कलिंगड वेगळं आणि बायकांना खायला द्यायचं वेगळं. मी एकातच दोन्ही साधायला गेले होते, त्याची कथा आधी सांगते.

लग्नानंतरचं दुसरं वर्ष होतं. मी सकाळी दहाला कलिंगडाची परडी कोरली. वर दांडी, काठाला कंगोरे, आतला लाल गर काढून त्याचे गोळे केले, ते परत आत भरले, वर द्राक्षं. फोटोत झकास दिसत होतं. हळदीकुंकू होतं संध्याकाळी साडेपाचला. चारच्या सुमारास परडीच्या दांडीने मान टाकली, आणि पायरीवर अंथरलेलं सासूबाईंचं जुनं खणाचं कापड गुलाबी पाण्यात भिजून गेलं. सासूबाईंनी काही न बोलता टॉवेल आणला, परडी उचलली आणि म्हणाल्या, "अगं, गौर माहेरी आलीये. तिला पोहायला नको लावूस."

झालं काय होतं? कलिंगडात शंभर भागांतले ९२ भाग पाणीच. जितके काप जास्त, तितकं ते सुटतं. गोळे म्हणजे सगळ्या बाजूंनी उघडा गर, शिवाय सहा तास उन्हाळ्याच्या खोलीत. म्हणून आरासीला असा आकार घ्यायचा ज्यात काप कमी आणि सालीचा आधार जास्त. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या गौरीपुढे कलिंगडाचं कमळच का करतात ते मला त्या दिवशी कळलं.

कमळासाठी गोल, गडद हिरवं, अडीच-तीन किलोचं शुगर बेबी जातीचं घ्या. हल्ली बाजारात लांबट कलिंगडंच जास्त दिसतात, ती कमळाला कामाची नाहीत. फळवाला कौतुकाने त्रिकोणी तुकडा काढून लाली दाखवतो, तसं दाखवलेलं घेऊ नका, तिथून गळतं. पिकलेलं ओळखायचं तर जमिनीला टेकलेला डाग बघा. तो पांढरा नको, चांगला लोण्यासारखा पिवळट हवा. कलिंगड तोडल्यावर घरी पिकत नाही, त्यामुळे "राहू दे दोन दिवस, होईल गोड" या भरवशावर आणू नका.

सोपं कमळ असं करायचं. फळ आडवं धरून कमरेभोवती बॉलपेनने एक रेघ मारा. अरुंद, टोकदार सुरी घ्या आणि त्या रेघेवर एकदा तिरकी वर, एकदा तिरकी खाली, असे लागोपाठ काप देत गोल फिरा. सगळी मेख एकाच गोष्टीत आहे. सुरी दरवेळी फळाच्या पार मध्यापर्यंत गेली पाहिजे. नवशिक्या माणसाचा हात सालीपाशीच थांबतो आणि मग दोन भाग सुटता सुटत नाहीत. शेवटचा काप पहिल्याला मिळाला की दोन्ही हातांत धरून हलकंसं पिळा. नाही सुटलं तर ओढाताण नको, त्याच कापांतून सुरी पुन्हा फिरवा. एका फळाची दोन कमळं होतात, एक गौरीच्या डाव्या हाताला, एक उजव्या.

माझी आजी करायची ते कमळ निराळं. ती देठाची बाजू वर ठेवून वरून आठ उभे काप द्यायची, पण बुडापासून चार बोटं वर थांबायची. मधला थोडा गर चमच्याने काढला की पाकळ्यांना बाहेर कलायला जागा होते, आणि त्या खळग्यात ती भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी ठेवायची. सुरी आधी मागच्या दाराच्या दगडी पायरीवर घासून घ्यायची. तो खर्र खर्र आवाज आला की आम्ही पोरं लाल गराच्या आशेने स्वयंपाकघरात हजर. हे कमळ मोठं आणि डौलदार दिसतं, पण हाताला सवय हवी. पहिल्या वर्षी आधी सांगितलेलं सोपं, कंगोऱ्याचंच करा. दोन्हींसाठी बुड सपाट करावं लागतं, नाहीतर फळ डुगडुगतं. तिथे फक्त साल पातळ उतरवायची. लाल दिसलं की समजा खालून गळती सुरू. खाली रिकामं ताट हवंच, आणि कमळ बायका यायच्या आधी तासाभरात कापायचं, सकाळी नाही.

आता खायचं कलिंगड. हळदीकुंकवाला आलेल्या बाईचा एकदा विचार करा. एका हातात आंबेडाळीची बशी, शेजारी पन्ह्याचा पेला, मांडीवर ओटीचे हरभरे, अंगावर ठेवणीतली साडी. तिच्या हातात तुम्ही हातभर लांबीची, रस गळणारी, बियांची फोड दिलीत तर ती "नको, आत्ताच खाऊन आले" म्हणणार. तिला हवा एका घासाचा, बिनबियांचा, कोरडा तुकडा. कलिंगडाची कल्पकता खरी तिथे लागते.

बिया काढायची युक्ती मला जाऊबाईंनी शिकवली. त्या अमरावतीच्या. कलिंगडाला टरबूज म्हणतात, फोडीला फाक. फळ देठापासून बुडापर्यंत उभं चिरून चार फाका करायच्या. फाक सालीवर उभी ठेवून बाजूने पाहिलीत तर गरात बियांची एक रेघ दिसते. बिया वाटेल तिथे विखुरलेल्या नसतात, बऱ्यापैकी त्या रेघेतच असतात. त्या रेघेवरून सुरी लांबीने फिरवायची आणि वरचा भाग उचलून बाजूला घ्यायचा. हा फळाचा गाभा, जवळजवळ बिनबियांचा आणि सगळ्यात गोड. खाली उरलेल्या भागावर बिया आता उघड्या पडलेल्या असतात, त्या काट्याने खरवडल्या की भराभर निघतात. चुकार बी राहतेच एखादी, पण पन्नासातल्या पंचेचाळीस गेल्या तरी भरून पावलं. जाऊबाई एक अख्खं फळ टीव्ही बघत बघत दहा मिनिटांत निकालात काढतात. मला अजून वीस लागतात.

गाभ्याचे इंचभर चौकोनी तुकडे करा आणि ते दहा मिनिटं चाळणीत ठेवा, खाली पातेलं. सुटायचं ते पाणी तिथेच सुटतं आणि ताटली कोरडी राहते. पातेल्यातल्या रसात लिंबू पिळून तो स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईने, म्हणजे तुम्ही, उभ्या उभ्या प्यायचा. तुकडे पळसाच्या द्रोणात घाला, वर टोचायला एक काडी. द्रोण एकावर एक दोन घ्या, एकेरी द्रोण शिवणीतून पाझरतो. साल हिरवी पण आत पिवळं असं कलिंगड मिळालं तर निम्मे तुकडे त्याचे घ्या. हळदीकुंकवाला हळदीचा आणि कुंकवाचा रंग एकाच द्रोणात, यापेक्षा सुंदर सजावट मला तरी सुचलेली नाही, आणि त्यात कोरीवकाम शून्य.

काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड वेगळ्या वाटीत ठेवा, आधीपासून भुरभुरवून ठेवू नका. मीठ पाणी ओढतं, चाळणीची मेहनत वाया जाते. ज्याला हवं तो घेईल.

बरोबर येणाऱ्या मुलांसाठी कलिंगडाच्या बोटासारख्या लांब काड्या कापा. अर्धं कलिंगड लाल बाजू खाली करून पाटावर पालथं घाला, दोन-दोन बोटांवर उभे काप, मग तसेच आडवे. प्रत्येक काडीच्या टोकाला सालीचा चौकोन राहतो, तो धरून मूल खालून खात जातं. आमच्या सोसायटीतली पोरं बशी न मागता असंच कलिंगड संपवतात, आणि बिया कोण लांब थुंकतो याची स्पर्धा मात्र गच्चीवर लावायला सांगावी लागते.

नेटवरच्या बाकी गोष्टींबद्दल माझं मत थोडक्यात. त्रिकोणी फोडीच्या सालीत चीर देऊन कुल्फीची काडी खोवतात, ते दिसायला छान आणि सोपं, घरच्या वाढदिवसाला जरूर करा. गोळे काढायचा खास चमचा मी हौसेने घेतला, दोनदा वापरला, आता तो कुठे आहे देव जाणे. कलिंगडाचा 'पिझ्झा', म्हणजे गोल चकतीवर चक्का, पुदिना, मिरपूड, चवीला खरोखर चांगला लागतो. इजिप्त, ग्रीसकडे लोक कलिंगडाबरोबर खारट पांढरं चीज खातात, त्याच जातीचं हे जमून आलेलं प्रकरण. पण चकतीला मिनिटभरात पाणी सुटतं. घरची चार माणसं असतील तर ठीक, तीस बायकांना नाही. हंस आणि मोर ज्याला वेळ आहे त्याने करावेत.

कापण्याआधी कलिंगड बाहेरून नळाखाली खसखसून धुवा. सालीवर शेतातली माती असते आणि सुरी ती थेट गरात नेते. कापलेलं फार तर दोन तास बाहेर ठेवावं, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. चैत्र-वैशाखात तो असतोच, म्हणून द्रोण एकदम सगळे भरू नका, तुकडे फ्रीजमध्ये झाकून ठेवा आणि बायका येतील तसे भरा. आरासीतलं कमळ संध्याकाळभर उघडं राहिलेलं असतं, ते मी कुणाला खायला देत नाही. आजी ते गोठ्यात नेऊन गाईला घालायची.

सालीचं काय करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. खायच्या कलिंगडाची हिरवी साल सोलून आतला पांढरा भाग दुधीसारखा किसायचा आणि थालीपिठाच्या भाजणीत घालायचा. पीठ भिजवायला निराळं पाणी लागतच नाही, उलट हात आखडूनच कीस घाला. मंगळूर-उडुपीकडच्या कोकणी घरांत हाच पांढरा गर भिजवलेल्या तांदळाबरोबर वाटून बाचंगा पोळो, म्हणजे कलिंगडाचे डोसे, करतात. माझी तिकडची मैत्रीण वर लोणी घालून देते आणि मी निमूट चार खाते.

किती बायका येणार ते तुम्ही लिहिलेलं नाही. साल आणि बिया गेल्यावर वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्तच हाती लागतं, असा माझा अंदाज. पंचवीस-तीस जणी असतील तर खायला चार-चार किलोची दोन लांबट कलिंगडं आणि कमळाला एक छोटं गोल, एवढं आणा. आणि चाळणी मोठी घ्या, किंवा शेजारणीची मागून ठेवा.