ट्रॉमाच्या, म्हणजे मानसिक आघाताच्या, थेरपीत घडलेलं सगळं पुन्हा सांगावंच लागतं का?

नाही, सांगावंच लागतं असं नाही. मी समुपदेशनाचं काम करते, आणि पहिल्या भेटीत हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही लिहिलंय की अपघाताला बराच काळ लोटला, तरी रात्री दचकून जाग येते, गाडीत बसवत नाही, आणि तो प्रसंग कुणासमोर बोलायचा या विचारानेच थेरपीची वेळ घेऊन रद्द करता. हे टाळणं त्या त्रासाचंच एक लक्षण आहे, त्यामुळे त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका.

किती सांगावं लागेल ते पद्धतीवर ठरतं. मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांच्या 'प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर' या पद्धतीत बरंच सांगावं लागतं. डोळे मिटून, आत्ता घडतंय असा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, आणि टाळलेल्या गोष्टी सोप्यापासून अवघडाकडे करत जायच्या. ऐकताना निर्दय वाटतं खरं, पण या पद्धतीमागे भक्कम संशोधन आहे. आठवण आली म्हणून धोका आला असं होत नाही, हे हळूहळू अंगवळणी पडतं.

तुमच्यासाठी मला जास्त आशा वाटते ती पॅट्रिशिया रेसिक यांच्या 'कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी'ची, म्हणजे सीपीटीची. साधारण 12 सत्रं. इथे भर असतो तो घडलेल्यातून तुम्ही काय अर्थ काढून बसलात त्यावर: 'मी जरा हळू चालवली असती तर', 'आता कुठेच सुरक्षित नाही'. असे विचार कागदावर मांडून त्यांची उलटतपासणी करायची. पूर्वी यात प्रसंगही तपशीलवार लिहून आणावा लागे. 2008 साली रेसिक आणि सहकाऱ्यांचाच अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि ते लिखाण वगळूनही गुण येतो असं त्यात दिसलं. तेव्हापासून त्याची सक्ती उरली नाही. गृहपाठ मात्र चुकत नाही!

तिसरी पद्धत ईएमडीआर ('आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग'), फ्रान्सीन शापिरो यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी मांडलेली. आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर न्यायची. तपशील मोठ्याने सांगायची गरज नसते. गुण येतो याबद्दल पुरावा आहे. तो डोळ्यांच्या हालचालीमुळे येतो का, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे आणि मीही त्याबाबत साशंक आहे.

'बोल, मोकळी हो' असा घरच्यांचा आग्रह असेल तर तो बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर, घटना ताजी असताना एकाच बैठकीत सगळं बोलून घेण्याची पद्धत वापरू नये असंच म्हटलंय. खपली दुसऱ्याने ओढून काढण्यात अर्थ नसतो.

भेट ठरली की आधी विचारा: आघातावरच्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय? मध्येच थांबायचं झालं तर कसं थांबायचं? 'मला तपशील सांगायचे नाहीत' हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाका. उत्तर गोलमोल आलं किंवा तुम्हालाच दटावलं, तर दुसरा थेरपिस्ट शोधा. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं असेल, तर या निवडीत वेळ घालवू नका, आजच डॉक्टरांना गाठा.