'वाढ साहेबांना'

प्रश्न : मुलगा २९ वर्षांचा. पुण्यात राहून पाच वर्षं एमपीएससी केली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिली, मुलाखतीपर्यंत पोचला नाही. दिवाळीपासून घरीच आहे. त्याच्या खर्चापायी आम्ही अर्धा एकर रान विकलं. हे त्याच्याशी बोलत नाहीत. जेवताना फक्त "वाढ साहेबांना" म्हणतात. तो ताट उचलून खोलीत जातो. लग्नाकार्याला येत नाही. मी कोणाला समजावू?

उत्तर : ताई, सध्या कोणालाच नको. ह्यांचं त्याला आणि त्याचं ह्यांना सांगता सांगता तुम्ही दोघांची बोलणी खाताय, आणि त्यांना समोरासमोर बोलायची गरजच पडत नाही.

टोमणा मुलाला बसतो, पण दुखणं यजमानांचं आहे. 'पोरगं पुण्याला आहे, यंदा निघतंय' हे पाच वर्षं पारावर आणि सोयऱ्यांत त्यांनीच सांगितलं असणार. आता त्या सगळ्यांना तोंड द्यायचंय. बाहेर बोलता येत नाही, ते ताटावर निघतं. मुलगा धरून चालतो की बापाला आपण नकोच. तो आणखी आत जातो, आणि ह्यांना वाटतं, बघा, काही वाटतं का याला!

त्यात मुख्यपर्यंत जाऊन हुकलेल्याचं जास्त अवघड. पूर्व परीक्षेलाच गळालेला लवकर दुसरी वाट बघतो. हुकलेला म्हणतो, थोडक्यात गेलं. वयाची अट खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे 'अजून एक अटेम्प्ट' आहेच. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत, हे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. तरी तुमच्या घरात 'संपलं' असं कोणी म्हणत नाही आणि 'चालू आहे' असंही नाही. गाडी तिथे अडलीय.

मुलाला एकच विचारा, तेही जेवताना नाही : पुन्हा बसणार आहेस का? हो म्हणाला तर किती दिवस, किती खर्च, त्यातलं तो किती कमावणार, हे ठरवून घ्या. नाही म्हणाला तर वडिलांना त्यानेच सांगू दे. ते चिडतील, एखाद्या वेळी जेवणार नाहीत. चिडू देत. रोजच्या टोमण्यांपेक्षा एकदाचं भांडण झालेलं मला चालेल.

रानाचा विषय मात्र त्यात आणू नका. ते विकायचं तुम्ही दोघांनी ठरवलं होतं, हे यजमानांना एकट्यात तुम्हीच सांगा.

लग्नांचं राहू द्या. 'सध्या काय करतोस?' याला उत्तर मिळालं की तो आपण होऊन येईल. पण झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल किंवा 'मी नसतो तर बरं' असं काही बोलला, तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.