खुळखुळा वाळला म्हणून उपटू नका

नाशिकच्या गंगापूर रोडकडील आपल्या बंगल्याच्या कुंपणालगत फुललेला खुळखुळा (वाळलेल्या शेंगा खुळखुळ वाजणारे रानझुडूप) आता वाळत चालला आहे आणि "तण काढून टाका" असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे, हे आपले लिहिणे वाचले आणि माझाच जुना त्रास आठवला. माती, ऊन, पाणी यांविषयी लिहीत नाही. मुरमाड माळावर आपोआप वाढणाऱ्या झाडाला त्यांचे कौतुक नसते.

शेजाऱ्यांना एवढेच सांगा, की फुले संपली म्हणजे या झाडाचे काम संपले असे नाही. फुलांवर मोठे काळे भुंगे येतात, कळ्या-शेंगांत पी ब्ल्यू या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. परंतु ब्लू टायगर आणि कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर येतात ते वाळलेल्या फांद्या आणि शेंगांवरच. तेथील अल्कलॉइड (झाडातील कडू, विषारी द्रव्य) ते सोंडेने शोषून घेतात, त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात आणि त्याच द्रव्यामुळे पक्ष्यांना ते बेचव लागतात. झाड हिरवे असताना जपायचे आणि वाळताच उपटायचे, हे मला मुळीच पटत नाही.

आमच्या कुंपणाबाहेरचा पट्टा मात्र शेंगा पिकण्याच्या ऐन वेळी एका कार्यालयाच्या माणसांनी, डासांची तक्रार आली एवढ्याच कारणावरून, यंत्राने साफ केला. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, कोरड्या झुडपात नाही, हे मी अर्जात लिहिले, समक्ष जाऊनही सांगितले. तरी "ही लागवड नोंदीत नाही" यापलीकडे उत्तर मिळाले नाही. वर्षभराचे बी त्या कापणीत गेले, याचा राग अजून आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की लावायचे ते कुंपणाच्या आतच लावावे आणि कडेला दगडांची सरळ ओळ रचावी. आखलेल्या वाफ्याला सहसा कोणी तण म्हणत नाही.

बियांचे कवच कठीण असते; पॉलिश पेपरवर हलके घासून रात्रभर भिजवल्यास उगवण सुधारते. बी पडीक जागेवरच्या वाळलेल्या शेंगांतून घ्यावे, अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या डोंगरांवरून कृपया आणू नये. 'रानफुले' म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत पुष्कळदा कॉसमॉस असतो, आणि तो मूळचा मेक्सिकोकडचा.

मी वनस्पतितज्ज्ञ नाही, परंतु एक गोष्ट निश्चित: खुळखुळ्याचे बी विषारी असते आणि ते खाल्ल्याने जनावरांचे यकृत बिघडते. घरात लहान मूल असेल किंवा गाई-शेळ्या आत येत असतील, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा.