आधी रुमाल सोडा, मग विषय बांधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए. इतिहासाचं दुसरं वर्ष, लघुप्रबंधाला सात महिने, दहा दिवसांचा मोडी वर्ग झालाय, आजोबांची शेती नाशिककडच्या बागलाणात फडाच्या (बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीने वाटून घ्यायच्या पद्धतीच्या) पाण्यावर होती म्हणून 'मराठेकालीन महाराष्ट्रातील जलव्यवस्थापन' हा विषय मनात आहे, आणि आराखडा कसा करायचा ते कळत नाही.

पहिलं म्हणजे हे शीर्षक खोडा. यात दहा जणांची पीएचडी मावेल. आजोबांचा फड मात्र सोडू नका, खरा विषय तिथेच आहे.

सगळे सांगतात की आधी विषय पक्का करा, मग साधनं शोधा. पेशवे दफ्तराच्या, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांच्या बाबतीत मी उलटं सांगेन. पुण्याच्या पुराभिलेखागारात त्याचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी आहेत. तुम्हाला हव्या त्या परगण्याचे, हव्या त्या वर्षांचे कागद त्यात आहेत की नाहीत हे घरी बसून ठरवता येत नाही. म्हणून मार्गदर्शकांकडून आठवडाभराची मुदत मागून घ्या, विभागाच्या सहीशिक्क्याचं पत्र घेऊन पुण्याला जा आणि चार-पाच रुमाल नुसते चाळा. वाचायचं नाही, चाळायचं. गावाचं नाव, साल आणि कागद हिशेबाचा आहे की पत्राचा, एवढंच वहीत टिपा.

बागलाणाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. १७५२ च्या भालकीच्या तहानंतर खानदेश-बागलाण मराठ्यांच्या हाती आलं. त्यामुळे शिवकाळापासून सुरुवात करायचा मोह आपोआप गळतो. मी तुमच्या जागी असतो तर थोरल्या माधवरावांची कारकीर्द, १७६१ ते १७७२, एवढीच धरली असती. आणि प्रश्न असा घेतला असता: पाट फुटला, बंधारा वाहून गेला, तर दुरुस्तीचा खर्च कोणी केला आणि सारा किती माफ झाला? याचं उत्तर हिशेबात सापडू शकतं. 'जलव्यवस्थापन' हा शब्द एकाही कागदात मिळणार नाही. तुम्ही शोधायचं ते पाटस्थळ (पाटाच्या पाण्याची जमीन), मोटस्थळ (मोटेच्या पाण्याची), बागाईत, सूट.

आता वेळेचं गणित. नवशिक्या माणसाचे दिवसाला दोन-तीन बंद, म्हणजे कागद, धड वाचून होतात. मोडीत आधी रेघ ओढलेली, खाली हात न उचलता लिहिलेलं, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एका कारकुनाचं वळण डोळ्यांत बसलं की वेग वाढतो, पुढच्या रुमालात दुसरा कारकून आला की पुन्हा श्रीगणेशा. आठवड्याला तीन दिवस, बारा आठवडे धरले तर हाती शंभराच्या आसपास कागद लागतात. म्हणजे तुमचा प्रश्न शंभर कागदांत सुटण्याएवढाच असला पाहिजे. मी माझ्या आराखड्यात ऐटीत 'सुमारे पाचशे अप्रकाशित कागदांच्या आधारे' असं लिहिलं होतं. पहिल्या पंधरवड्यात नऊ वाचले!

छापील साधनं आधी बघा. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजकीर्दींतून (रोजच्या नोंदवह्यांतून) निवडलेले उतारे देवनागरीत छापलेले आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ मध्ये निघाले, पण त्यांत राजकारण जास्त, पाटाचं पाणी कमी. नाशिकचं १८८३ चं गॅझेटियर बंधाऱ्यांसाठी वाचाच. ते इंग्रजी अमदानीतलं आहे, त्यावरून शंभर वर्षं आधीचं अनुमान जपून काढा. शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश.

सगळ्यात जास्त तारखांना जपा. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. माझ्याकडे एक अर्ज होता, 'इहिदे सबैन मया व अलफ, छ ५ जिल्हेज'. छ म्हणजे चंद्राची तारीख, जिल्हेज हा हिजरी वर्षाचा शेवटचा महिना, आणि आधीचे शब्द म्हणजे अरबी आकड्यांत लिहिलेला सुहूर सन. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७१. त्यात ५९९ मिळवले आणि १७७० लिहून मोकळा झालो. पण सुहूर सन मृगाला सुरू होतो. चैत्रातला कागद त्याच सनात असला तरी इसवी सन एकाने पुढे जातो, मिळवायचे ६००. माझा अर्ज चैत्रातलाच, म्हणजे मार्च १७७१ चा होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या गावात पाट फुटला भाद्रपदात, आणि लोकांनी सूट मागितली त्याच्या आधीच्या चैत्रात. ज्योतिषी होते का?" त्यानंतर चाळीस तळटीपा पुन्हा तपासल्या. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत चार रकाने ठेवा: मूळ तारीख जशीच्या तशी, जंत्रीवरून (तारखांच्या कोष्टकावरून) काढलेली इसवी तारीख, रुमालाचा क्रमांक, आणि मजकूर. रुमालाचा क्रमांक त्याच क्षणी लिहा, संध्याकाळी आठवत नाही.

जमिनीच्या मोजमापांचंही तसंच. २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर हे कोष्टक पाठ असलं तरी त्या गावात तेच चालत होतं का, हे कागदावरूनच पडताळा.

सात महिन्यांची वाटणी अशी करा: एक महिना चाळणं आणि विषय नक्की करणं, तीन महिने वाचन, एक महिना तक्ते, दोन महिने लेखन. वाचन लांबणार, ते सगळ्यांचंच लांबतं. पण तक्त्यांच्या महिन्याला हात लावू नका. गाववार, सालवार सारा आणि सूट समोरासमोर मांडली की काय लिहायचं ते तिथेच दिसू लागतं.

एकदा बागलाणातही जाऊन या, मोसम नदीच्या काठाने. आजोबांच्या पिढीतलं कोणी असेल तर फडात पाण्याची पाळी कशी लागायची आणि पाटकऱ्याला (पाटाचं पाणी सोडणाऱ्याला) काय मिळायचं ते विचारा. हे अठराव्या शतकाचा पुरावा म्हणून वापरायचं नाही, पण कागदातला अर्धा तुटलेला शब्द ओळखायला त्याचा उपयोग होतो.

पहिल्या आठवड्यात पाच रुमालांत बागलाणाचं काहीच निघालं नाही तर परगणा बदला. टिपणांची वही घेऊन इथे या, कुठला परगणा घ्यायचा ते बघू.