हातातली कामं मोज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं वेळापत्रक दोनदा वाचलं. पहाटे पाचला उठणं, अंबरनाथहून कांजूरमार्गपर्यंत दीडपट वेगाने पॉडकास्ट, पवईच्या ऑफिसात टायमर लावून पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या पाळ्या, रात्री साडेदहाला ऑनलाइन कोर्स. एकही खण रिकामा नाही. आणि खाली तुझा प्रश्न: "एवढं करूनही काहीच तडीस जात नाही. माझ्यात शिस्त कमी आहे का?"

शिस्त भरपूर आहे. तुझ्याकडे एकाच वेळी फार कामं अर्धवट उघडी पडली आहेत. मिनिटं कितीही वाचवलीस तरी हे दुखणं बरं व्हायचं नाही.

फोर्टच्या ऑफिसात विम्याच्या क्लेम खात्यात माझी उभी नोकरी गेली, म्हणून फायलींच्या हिशेबाने सांगते. टेबलावर 60 फायली आहेत, रोज पाच नव्या येतात आणि पाच निकाली निघतात असं धर. मग आज आलेली फाइल मार्गी लागायला सरासरी 12 दिवस लागणार. टेबलावर 30 च असतील तर सहा दिवस. काम करणारी बाई तीच, तिचा वेग तोच. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने 1961 मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. पण ज्याच्या टेबलावर ढीग असतो त्याला ते सिद्धतेशिवायही कळतं. कारण 60 फायली उघड्या असल्या की साठ पार्ट्यांचे फोन येतात, "माझ्या क्लेमचं काय झालं?" प्रत्येक फोनला फाइल शोधा, वाचा, उत्तर द्या, परत ठेवा. त्यातच दुपार जाते आणि रोजच्या पाच निकालांचे चार होतात. ढीग स्वतःच ढीग वाढवतो.

तुझ्या वेळापत्रकात मी आठ उघडी कामं मोजली. ऑफिसची तीन, कोर्स, जर्मन, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, भावाचा प्रवेश आणि ते पोर्टफोलिओचं. यांतली तीनच उघडी ठेव. बाकीच्यांना नकार द्यायची गरज नाही, तारीख दे. साहेबांनी नवं काम दिलं की सरळ विचार: "घेते सर, पण यातलं कुठलं मागे ठेवू?" पुष्कळदा ते म्हणतील, दोन्ही हवंय. तेव्हा दोन्हींच्या खऱ्या तारखा त्यांना ईमेलवर लिहून पाठव. नव्या माणसाला हे जड जातं, हे मला ठाऊक आहे. पण ठरवणं त्यांचं काम आहे. ते तू रात्री जागून आपल्या अंगावर घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट छोटी आहे, पण मला ती फार मोलाची वाटते. आमच्याकडे फाइल बाजूला ठेवताना टिपणाच्या कागदावर शेरा लिहायची सक्त पद्धत होती: "सर्व्हेअरचा रिपोर्ट आला. दुरुस्तीची बिलं अपुरी. पार्टीला पत्र धाडले, 14 तारखेस पाहणे." दोन ओळी आणि सही. चार दिवसांनी फाइल उघडली की पहिल्यापासून वाचावी लागत नसे, आणि मधले चार दिवस ती डोक्यातही राहत नसे. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला, तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. उठण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आणि पुढे काय करायचं हे लिहून ठेवलं तर ही अडकण कमी होते, हेही तिच्या पुढच्या अभ्यासात दिसलं. मीटिंगला बोलावलं की लॅपटॉप मिटण्याआधी तेवढा शेरा लिहीत जा. टायमरपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

आता अंदाजांबद्दल. तू प्रेझेंटेशनला दीड तास लिहिला आहेस. मागची तीन प्रेझेंटेशनं करायला प्रत्यक्षात किती वेळ लागला होता? तो आकडा लिही, मनातला नको. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच सांगून ठेवलं आहे की आपण पुढचा अंदाज बांधताना मागचा अनुभव बाजूला ठेवतो. 1994 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी 34 दिवस सांगितले होते, लागले 55. हुशार मुलं होती ती, आळशी नव्हेत.

शिवाय तुझ्या वेळापत्रकात पाणी भरणं नाही. आईला दवाखान्यात नेणं नाही, सिलिंडर नाही, कांजूरमार्गला रिक्षाची रांग नाही. ही कामं रोज वेळ खातात आणि कागदावर त्यांना जागा नाही, म्हणून संध्याकाळी तुला वाटतं की आपणच कमी पडलो. ती आधी लिही. मग उरलेल्या वेळेतला चौथा हिस्सा कोरा सोड. जुलैत सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की काठोकाठ भरलेला दिवस सकाळीच कोसळतो.

जेवणाच्या खणात तू "डबा + ईमेल" लिहिलं आहेस, त्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. 1884 साली याच मुंबईत गिरणी कामगार सभेला जमले. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे पुढे होते. त्यांनी मागितलं काय? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची सुरुवात सकाळी साडेसहाला आणि सूर्यास्ताला शेवट, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. अर्जावर पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी पदरात पडायला 10 जून 1890 उजाडावा लागला. दुपारच्या त्या अर्ध्या तासासाठी माणसांनी मालकांसमोर उभं राहायची हिंमत केली, आणि तू तो कुणी न मागता देऊन टाकते आहेस. डबा खा, शेजारच्या मुलीशी बोल, भाजीत मीठ कमी पडलं असेल तर तेवढंच बोल. ईमेल दोन वाजता वाच.

रविवारचंही तेच. आठवड्याचा आढावा, कोर्सची असाइनमेंट, पुढच्या पाच दिवसांच्या भाज्या निवडून ठेवणं, असा तो गच्च भरला आहेस. भाज्या निवडायच्या तर भावालाही बसव. बाकीचं काढून टाक.

आणि लोकलमध्ये कान मोकळे ठेव. लेडीज डब्यात कुणी मटार सोलतं, कुणी विंडो सीटवर मान टाकून झोपतं. त्या बायका वेळ फुकट घालवत नाहीत. घरी पोचल्यावर दुसरी पाळी आहे हे त्यांना माहीत असतं, म्हणून जमेल तेवढा दम खातात. तूही खा. एखादा एपिसोड खरोखर ऐकावासा वाटला तर ऐक, साध्या वेगाने.

शनिवारी संध्याकाळी फोन कर. आठातली कुठली तीन ठेवलीस आणि बाकीच्या पाचांना कुठल्या तारखा दिल्यास ते कागदावर लिहून समोर ठेव. मंडळाचा हिशेब गणपतीच्या आत द्यायचाच असेल, तर तो तिनात धर आणि पोर्टफोलिओ पुढे ढकल. जर्मनबद्दल तुझं मन दोन्हीकडे ओढलं जातंय असं दिसतं, त्यावर फोनवरच सविस्तर बोलू.

तुझी,
मॅडम