तिसरं परीक्षण

"तीन परीक्षणं आली, त्यातली दोन चांगली. पण डोक्यात तिसरंच घोळतं." लेखक, गायक, डबे देणाऱ्या एक काकू, कितीजणांकडून हे ऐकलं! म्हणून ही एक हकिकत, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

तो तिशीचा, माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेला. पहिली कादंबरी पदरचे पैसे घालून काढलेली. तिसरं परीक्षण त्याने ऑफिसच्या पार्किंगमध्ये, डोक्यावरचं हेल्मेटही न काढता मोबाइलवर वाचलं.

"तेव्हा काय वाटलं?"

"मेलो तर बरं, असं."

असं वाक्य मी ओघात जाऊ देत नाही. सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार आला होता? आता येतो?" तो दचकला. मग म्हणाला, "नाही मॅडम. कुणाला दिसूच नये असं वाटलं." विचारल्याने असा विचार मनात शिरत नाही, उलट माणसाला आधार वाटतो. घरच्यांनीही विचारावं. उत्तर 'हो' आलं, तर एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं.

मी त्याला थॉमस हार्डी या इंग्रजी कादंबरीकाराबद्दल सांगितलं. 1871, इंग्लंडमधलं डॉर्सेट. 'डेस्परेट रेमेडीज' ही पहिली छापील कादंबरी, लेखकाचं नाव न घालता आलेली. हार्डीने त्यासाठी स्वतःचे 75 पौंड घातले होते. दोन परीक्षणं बरी आली. तिसरं, 'स्पेक्टेटर' साप्ताहिकातलं, जिव्हारी लागणारं. बॉकहॅम्प्टनला घरी जाताना, मेंढ्यांच्या कुरणाच्या कुंपणावरून पलीकडे जायच्या पायरीवर बसून त्याने ते वाचलं. त्या क्षणी मरण आलं तर बरं असं वाटलं, हे उतारवयातल्या आठवणींतही त्याने नोंदवलं आहे.

"म्हणजे माझ्यासारखंच," तो हळूच म्हणाला.

पुढच्या वेळी परीक्षणाची प्रिंट आणायला सांगितली आणि म्हटलं, मोठ्याने वाचा. निम्म्यावर आवाज अडखळला. तिथे लिहिलं होतं, 'चाळीतल्या बायकांचे संवाद मात्र अस्सल.' त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

"हे यात होतं?"

कितीतरी वेळा वाचूनही त्याला ती ओळ दिसली नव्हती. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. आपण परीक्षण वाचत नाही, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून निकाल ऐकतो. 'कादंबरी फसली' याचं आपण मनातल्या मनात 'मी फसलो' करून टाकतो आणि मग बाकीचा मजकूर कानावरच पडत नाही. हे भाषांतर परीक्षकाने केलेलं नसतं, आपलं असतं. म्हणून ते बदलताही येतं.

मग मी हार्डीची उरलेली गोष्ट सांगितली. त्या झोडपणाऱ्या परीक्षणातही खेड्यातली माणसं रंगवण्याच्या हातोटीचं कौतुक होतं. पुढच्याच वर्षी आलेली त्याची कादंबरी गावच्या चर्चमधल्या वादकांची होती.

याने दुखणं कायमचं जातं, असं मी कुणाला सांगत नाही. 1895 मध्ये 'ज्यूड' या कादंबरीवर गदारोळ झाल्यावर हार्डीने नवी कादंबरी लिहिली नाही. 1928 मध्ये जाईपर्यंत तो कविता मात्र लिहीत राहिला. घरच्यांनी "लक्ष नको देऊस" म्हणण्यापेक्षा शेजारी बसून ते पान एकदा मोठ्याने वाचून घ्यावं. एकट्याने, वाटेत, मोबाइलवर शक्यतो वाचू नये.

निघताना मी विचारलं, "ती दोन चांगली परीक्षणं?" त्याने ती जपूनच ठेवली नव्हती. रात्री शोधून मला पाठवली, खाली एक ओळ: "दुसऱ्यातही एक चूक दाखवलीय मॅडम. बरोबर आहे त्यांचं."