पंपाची बाटली म्हणजे दुधाचं माप नव्हे

पूर्णवेळ घरी राहून बाळाला पाजणाऱ्या आयांची पत्रं सतत येतात, आणि बहुतेकींची शंका एकच असते: ब्रेस्ट पंपाने, म्हणजे अंगावरचं दूध काढायच्या यंत्राने, कमी दूध निघतं, म्हणजे दूधच कमी आहे का? म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

मी दिवसभर घरीच असते. तरी पंप करायलाच हवा का?

नाही. बाळ अंगावर नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर पंपाची गरज नाही. अडीअडचणीसाठी थोडा साठा हवा असेल, तर सकाळी पाजून झाल्यावर तासाभराने एकदा पंप करा. तेवढं पुरतं.

बाळ दोन महिन्यांचं आहे. पाजून झाल्यावर पंप केला तर जेमतेम ३० मिली निघतं. दूध कमी आहे म्हणून सगळे पावडरची एक बाटली द्यायला सांगतात. देऊ का?

कृपया थांबा. बाळाने पिऊन झाल्यावर ३० मिली निघणं अगदी सामान्य आहे. बाळ ओढतं तसं पंपाला कधीच जमत नाही, त्यामुळे पंपात किती आलं यावरून अंगावर किती दूध आहे ते कळत नाही. ते कळतं बाळाच्या वजनावरून आणि २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का, यावरून. वरची बाटली दिली की बाळ अंगावर कमी पितं, स्तनात दूध साचून राहतं आणि शरीर पुढचं दूध कमी बनवतं. मग ‘कमी आहे’ हे खरंच होऊन बसतं!

आता पंपाकडे बघा. बऱ्याच पंपांबरोबर स्तनावर बसवायचं २४ मिमीचं फनेल येतं आणि अनेकींना ते मोठं होतं. पंप करण्याआधी स्तनाग्राची बुडाशी रुंदी मोजा, कारण नंतर ते सुजलेलं असतं. नळीत स्तनाग्र मोकळं पुढेमागे व्हावं, भोवतीची काळी त्वचा आत खेचली जाऊ नये. मग सिलिकॉनचा छोटा व्हॉल्व्ह उजेडात धरा. त्याच्या दोन ओठांमधली फट मिटलेली हवी. बोट घालून धुतल्याने ती सैलावते आणि ओढ कमी होते. सुरुवात हलक्या, जलद ओढीने करा आणि पान्हा फुटला की संथ, खोल ओढ लावा. दुखेल इतकी वाढवू नका, दुखलं की पान्हा अडतो.

दूध वाढवणाऱ्या बिस्किटांवर पैसे घालवू नका. दूध पावडरचे फुकट नमुने आयांना देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेची संहिता १९८१ पासून सांगते. तरीही ते घरपोच येतात. वजनाचा तक्ता घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटा. पावडर लागेल की नाही, ते त्यांनी ठरवावं.

काढलेलं दूध किती वेळ टिकतं?

२५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस (आतल्या बाजूला, दारात नको), फ्रीझरमध्ये ६ महिने. बाळाने तोंड लावलेलं दूध २ तासांत संपवा, नाहीतर टाका. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल, तर डॉक्टरांना विचारूनच साठवा.

फ्रीजमधल्या दुधावर साय आल्यासारखा थर दिसतो. नासलं का?

नाही, स्निग्धांश वर येतो. बाटली हलकेच गोल फिरवा.

मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर चालेल?

नाही. मध्येच एखादा घोट तोंड पोळेल इतका गरम राहतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा.

साडेतीन महिन्यांचं बाळ बाटली घेत नाही. ‘उपाशी ठेव, आपोआप घेईल’ असं शेजारच्या काकू म्हणतात.

उपाशी ठेवू नका. भुकेने रडणारं बाळ नवीन काही शिकत नाही. थोडी भूक असताना बाटली दुसऱ्या कुणीतरी द्यावी, तेव्हा तुम्ही खोलीबाहेर थांबा. सर्वात मंद प्रवाहाचं निपल लावा, २० मिली कोमट दूध पुरे. बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी ठेवा, निपल ओठांना टेकवून थांबा. तोंड त्याने उघडावं. मध्येमध्ये विसावा द्या. दहा मिनिटांत जमलं नाही, तर त्या वेळेपुरतं सोडून द्या. आठवडाभरानेही नकोच म्हणालं, तर छोट्या वाटीने पाजा; दूध ओतू नका, ओठाला टेकवा. ठसका लागत असेल किंवा बाळ अंगावरही पीत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तीन दिवस स्तनात लाल, दुखरी गाठ आहे, तापही येतो. पंप जोरात लावून गाठ मोकळी करू का?

नको, जोरात ओढलं किंवा चोळलं की सूज वाढते. थंड शेक द्या आणि त्या बाजूनेही बाळाला पाजत राहा. तीन दिवस ताप अंगावर काढायला नको होता. आजच डॉक्टरांकडे जा. स्तनपान चालू ठेवून घेता येणारी औषधं आहेत, पण उशीर झाला तर पू होऊ शकतो.